कोरी नोट आणि झिजलेली नोट

रे रोड स्थानकावर उतरून दारूखान्याच्या दिशेने चालू लागले, म्हणजे मनुष्य अशा एका मुलखात शिरतो की, जेथे वस्तूंची नावे हळूहळू गळून पडतात आणि केवळ वजन उरते. एके काळी ज्यांना नांगर, सुकाणू किंवा कप्तानाच्या खोलीचे दार म्हणत, ते येथे नुसते लोखंड, पितळ आणि लाकूड होते. समुद्रावरचे आयुष्य संपलेली जहाजे ह्या किनाऱ्यावर कित्येक दशके फोडली गेली, आणि त्यांच्या पोटातून निघालेल्या सामानावर येथील गल्ल्यांनी आपला संसार मांडला. ज्याच्या नावाने हा भाग ओळखला जातो, तो लॉर्ड रे १८८५ ते १८९० ह्या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. तो गेला, त्याचे राज्यही गेले. त्याचे नाव मात्र रेल्वेच्या पाटीवर अजून चालते आहे, आणि ते कोणाचे हे न विचारता हजारो लोक रोज ते उच्चारतात. चलनाचेही काहीसे असेच असते. परंतु ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली नव्हती. मी तेथे गेलो होतो तो फार साध्या कामासाठी.

पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून मला पत्र्याची एक मोठी पेटी हवी होती. जुन्या पेट्या विकणाऱ्या एका दुकानदाराने एक पेटी माझ्यासमोर उपडी करून झटकली, तेव्हा तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून चार घड्या घातलेला एक कागद निसटला. त्याने तो उलगडला. ती पाच रुपयांची नोट होती. तिच्यावर सहाव्या जॉर्ज बादशहाचे चित्र होते, आणि जलचिन्हासाठी राखलेल्या पांढऱ्या जागेत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ ही इंग्रजी अक्षरे व त्याच अर्थाची उर्दू अक्षरे छापलेली होती. दुकानदाराने ती मजपुढे केली. “ही चालत नाही,” तो म्हणाला, “पेटीबरोबर तुम्हीच घेऊन जा.” पेटी मूळची कोणाची हे त्यास ठाऊक नव्हते, ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

त्याच संध्याकाळी ती नोट घेऊन मी परळला माझ्या एका स्नेह्यांकडे गेलो. हे गृहस्थ आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. त्यांना सर्व लोक मास्तर म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो. जुन्या कागदी चलनाचा संग्रह करणे हा त्यांचा छंद आहे. त्यातही त्यांनी आपले क्षेत्र ठरवून घेतले आहे. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांच्या पहिल्या नोटा तेवढ्या ते जमवितात. मास्तरांनी चष्मा पुसला, माझी नोट दोन बोटांनी कडेला धरून दिव्यासमोर नेली, आणि एखाद्या वैद्याने नाडी सोडावी तशी ती खाली ठेवली.

“अहो, हिचा कागद मेला आहे,” ते म्हणाले. “चार घड्या, घड्यांवर चिरा, टाचणीची दोन भोके, तेलाचा डाग. आणि हे पाहा, कडेला पेन्सिलीने लिहिलेही आहे. लिहिलेली नोट कोण घेतो?”

“काय लिहिले आहे?” मी विचारले.

त्यांनी भिंग लावले. “फारसी वळणाचे अंक आहेत. तीन रकमा आणि खाली बेरीज.” मग क्षणभर थांबून, उत्तरपत्रिका तपासण्याच्या जुन्या सवयीने, ते म्हणाले, “बेरीज बरोबर आहे.”

नंतर त्यांनी आपल्या संग्रहातली तशीच पाच रुपयांची नोट आणून माझ्या नोटेशेजारी ठेवली. तीच छपाई, तोच बादशहा, तीच अक्षरे. परंतु कागदाला घडीचा स्पर्शही नव्हता. जणू ती सकाळीच छापखान्यातून बाहेर पडली होती. तिची किंमत त्यांनी सांगितली, ती ऐकून मी माझ्या हातातला चहाचा पेला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. माझ्या नोटेची किंमत मी विचारली नाही.

एकाच दिवसात माझ्या नोटेला दोघांनी निकामी ठरविले होते. दुकानदाराच्या मते ती चालत नव्हती. मास्तरांच्या मते ती फार चालली होती. ह्या दोन निकालांतला विरोध मला घरी येईपर्यंत उमगला नाही. एकदा उमगल्यावर मात्र तो मनातून जाईना. आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

पण आधी ह्या नोटेचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या महाराष्ट्राशी अगदी निकटचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाचे दोन भाग झाले. परंतु चलन एका रात्रीत विभागता येत नाही. पाकिस्तानजवळ त्या वेळी स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि नोटा छापण्याचा कारखानाही नव्हता. म्हणून दोन्ही देशांसाठी काही काळ रिझर्व्ह बँक ऑफ इंडियानेच काम पाहावे असे ठरले. त्या व्यवस्थेप्रमाणे, जेथे १९२८ पासून हिंदुस्थानच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या होत्या त्या नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात, पाकिस्तानचे नाव घातलेल्या नोटा छापल्या गेल्या आणि एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चलनात आल्या. ‘इतके रुपये देण्याचे मी वचन देतो’ अशा अर्थाच्या मजकुराखाली बँकेच्या गव्हर्नरांची सही होती, आणि ते गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. म्हणजे एका नव्या राष्ट्राच्या आरंभीच्या नोटा गोदातीरी छापल्या गेल्या, त्यांवरचे वचन एका कोकणातल्या मराठी माणसाने दिले, आणि त्यांवरचे चित्र लंडनला राहणाऱ्या राजाचे होते! १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानच्या स्वतःच्या नोटा निघाल्या, आणि ह्या संमिश्र कुळाच्या नोटांचे काम लवकरच संपले.

ह्यात एक विलक्षण गोष्ट आहे. नाशिकला छापलेली, मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या बँकेने काढलेली आणि तिच्याच गव्हर्नरच्या सहीची ही नोट मुंबईत मात्र कायदेशीर चलन नव्हती; ती केवळ पाकिस्तानात चालावी असा निर्बंध होता. त्या वर्षी कराचीहून आगबोटींनी सिंधी कुटुंबे मुंबईच्या धक्क्यांवर उतरत होती आणि पुढे कल्याणच्या छावण्यांकडे जात होती. त्यांच्यापैकी कोणाच्या कनवटीस अशी नोट राहिली असेल, तर जहाजाच्या फळीवरून धक्क्यावर टाकलेल्या एका पावलासरशी तिचा पैसा संपला आणि कागद उरला. माझ्या पेटीचा मालक असाच कोणी होता, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा मजजवळ नाही. परंतु ह्या नोटेचे चालणे कोठे तरी थांबले, आणि ती मुंबईतल्या एका पेटीच्या तळाशी येऊन राहिली, एवढे निर्विवाद आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नोट ही वस्तू कशासाठी जन्मास येते? एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठी. भांडे शिजविण्यासाठी असते, वस्त्र नेसण्यासाठी असते; परंतु भांडे न शिजविताही शोभेला ठेवता येते आणि वस्त्र न नेसताही सुंदर दिसते. नोटेला ‘दिली जाणे’ ह्यापरते दुसरे प्रयोजनच नाही. असे असता संग्राहकांच्या जगात सर्वांत मोठा मान कोणत्या नोटेला, तर जी कधी कोणी कोणाला दिलीच नाही तिला! जिने आपला धर्म पाळला ती हलकी. आणि जिच्यावर धर्म पाळण्याची वेळच आली नाही ती श्रेष्ठ. एखाद्या वैद्याचा गौरव त्याने एकही रोगी दगावू दिला नाही म्हणून करावा, आणि मागाहून कळावे की त्याने रोगी कधी तपासलाच नव्हता, त्यातला हा प्रकार वाटतो.

मी हे मास्तरांजवळ बोललो तेव्हा ते रागावले नाहीत. शिक्षकाचा राग आणि शिक्षकाचे समाधान ह्यांची मुद्रा एकच असते, म्हणून मला प्रथम शंका आली होती, इतकेच. त्यांनी आपल्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या मला न्यायबुद्धीने येथे मांडल्या पाहिजेत.

पहिली अशी की, कोऱ्या नोटेवाचून आपणांस नोट कळतच नाही. खोदकाम करणाऱ्याच्या रेघेची बारीकी, शाईचा खरा रंग, कागदाचा पोत हे सर्व झिजलेल्या नोटेत पुसलेले असते. ज्याला इतिहास लिहावयाचा आहे, त्याला मूळ वस्तू मुळात कशी होती हे ठाऊक हवे. दुसरी गोष्ट अशी की, जी नोट कोणी तरी बाजूला ठेवली तीच उरते. चालणाऱ्या नोटा अखेर बँकेत परत जातात आणि नष्ट केल्या जातात; सेवेचा मार्ग भट्टीकडे जातो. “बाजूला काढून ठेवणारा एक तरी निरुद्योगी मनुष्य प्रत्येक पिढीत हवा,” मास्तर म्हणाले, “नाही तर मागच्या पिढीत काय होते हे पुढच्या पिढीस कोण सांगणार?” कायद्यालाही हे पटलेले दिसते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि २०१७ साली त्या जवळ बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्यातही सामान्य माणसास दहा आणि अभ्यास, संशोधन वा चलनसंग्रह ह्यांसाठी पंचवीसपर्यंत नोटा ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे राज्याने आपले वचन मागे घेतले, तरी त्या वचनाचे पंचवीस नमुने अभ्यासासाठी जपून ठेवण्याची परवानगी दिली!

तिसरी गोष्ट त्यांनी संग्रह उघडून दाखविली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र वेगळे झाले. त्याच्याजवळही स्वतःच्या नोटा नव्हत्या. जुन्या साम्राज्याच्याच नोटा चालत होत्या, आणि तिकडे व्हिएन्नाची बँक त्या छापीतच होती. तेव्हा अर्थमंत्री अलोइस राशीन ह्यांनी १९१९ च्या फेब्रुवारीअखेर देशाच्या सीमा बंद केल्या आणि मार्चमध्ये लोकांच्या हातातल्या नोटा गोळा करून त्यांवर टपालाच्या तिकिटासारखी तिकिटे चिकटविली. तिकीट असलेली नोट ती आपली. नसलेली ती परकी. ह्याच वेळी लोकांच्या पैशाचा मोठा भाग सरकारने सक्तीचे कर्ज म्हणून अडकवून ठेवला. मास्तरांजवळ अशी एक नोट आहे. तिच्यावर साम्राज्याची जर्मन व हंगेरियन अक्षरे जशीच्या तशी आहेत, आणि कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत नवे राष्ट्र चिकटविलेले आहे. दुसरी नोट आयर्लंडची. १९२८ साली तेथील स्वतंत्र सरकारच्या काळात पहिल्या नोटा निघाल्या. त्यांवर चित्रकार लॅव्हरी ह्यांच्या पत्नीची मुद्रा होती, आणि मजकूर असा की, ही रक्कम मागताच लंडनमध्ये दिली जाईल. सातशे वर्षे ज्या सत्तेशी भांडण केले, तिच्याच राजधानीत वचनाची पूर्तता! तिसरी नोट बांगलादेशाची, १९७२ ची, आणि ती पुन्हा नाशिकलाच छापलेली. “पाहा,” मास्तर म्हणाले, “प्रत्येक राष्ट्राचा पहिला रुपया उसना असतो. स्वातंत्र्याच्या भाषणांतून हे कोणी सांगत नाही. हा पुरावा मी जपतो. तो स्वच्छ असावा असे मला वाटले, तर त्यात काय पाप?”

पाप काहीच नाही. आणि ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर काही काळ नोटांवर राजाचेच चित्र होते. १९४९ साली एक रुपयाची नोट प्रथम बदलली आणि तिच्यावर सारनाथचा सिंहस्तंभ आला. तेथे महात्मा गांधींचे चित्र असावे असा विचार होऊन तसे नमुनेही तयार झाले होते. शेवटी सिंहांची निवड झाली. उसनवारी हा नव्या राष्ट्रांचा दोष नव्हे, तो त्यांचा बाल्यकाल आहे. ह्याचा पुरावा जपणाऱ्यास मी दोष कसा देऊ?

तरीही माझा प्रश्न उरतोच, आणि तो उरण्याचे कारण मास्तरांच्याच शेवटच्या उदाहरणात आहे. जी नोट उसनी आहे, जिच्यामागे अजून बँक नाही, जिच्यावरच्या राज्याचे आयुष्य किती हे कोणालाच ठाऊक नाही, तिला पैसा कोण करतो? मंत्री नव्हे आणि मुद्रणालयही नव्हे. तिला पैसा करतो तो पहिला घेणारा. १९४८ च्या उन्हाळ्यात कराचीच्या किंवा हैदराबाद-सिंधच्या एखाद्या बाजारात कोणी तरी ही नवी अक्षरे पाहिली, क्षणभर थबकला, आणि ‘बरे’ म्हणून पाच रुपयांचा माल दिला. त्या ‘बरे’मध्ये नोटेचा खरा जन्म आहे. मुद्रणालयातून निघाली तेव्हा ती केवळ उत्तम छापलेला कागद होती.

सोन्याचे तसे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यावर दारूगोळा आणि कापूस ह्यांच्या जोडीला सोन्याच्या विटाही होत्या. काही विटा दूरवर फेकल्या गेल्या. काही गोदीच्या गाळात रुतल्या आणि पुढे गाळ उपसताना सापडत गेल्या. कित्येक वर्षे चिखलात पडलेली वीट धुतली की पुन्हा तेवढेच सोने. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला काय आणि न ठेवला काय, तिला त्याची गरज नाही. कागदाला मात्र विश्वासावाचून दुसरा प्राणच नाही. आणि विश्वासाची खूण कागदावर कोणत्या रूपाने उमटते? घडीच्या, डागाच्या, मळक्या कडेच्या रूपाने. प्रत्येक घडी म्हणजे कोणी तरी ती खरी मानून जपून खिशात ठेवली, ह्याची साक्ष आहे. टाचणीची भोके म्हणजे कोणा कारकुनाने तिला शंभर नोटांच्या गड्डीत मोजून बसविल्याची साक्ष. मास्तरांच्या यादीत जे दोष होते, ते सर्व ह्या अर्थाने नोटेचे अनुभव आहेत. कोरी नोट हे असे वचन की, जे छापले गेले परंतु कोणाला दिले गेले नाही. ते मोडले गेले नाही, हे खरे. पण ते पाळलेही गेले नाही.

येथे माझा मलाच एक आक्षेप घेतला पाहिजे, नाही तर हा लेख झिजलेल्या नोटेची आरती होईल. झीज म्हणजे सेवा, हे समीकरण खरे आहे काय? १९४८ साल हे काही विश्वासाचे साल नव्हते. त्या काळात पाच रुपये कशाकशासाठी हातातून हातात गेले असतील! मातीमोल भावाने विकलेल्या घराच्या किमतीत ही नोट गेली असेल. गलबतावर जागा देण्यासाठी कोणी पिळून घेतलेल्या रकमेत गेली असेल. लुटीच्या वाटणीत गेली असेल. नोट सज्जनाच्या हातात जितकी झिजते, तितकीच दुर्जनाच्याही हातात झिजते. तिला आपला मार्ग निवडता येत नाही. आपण म्हणतो की, मनुष्याने चंदनासारखे झिजावे. परंतु चंदन देवाच्या पूजेसाठी झिजते आणि सहाण आपली जागा सोडत नाही. नोट मात्र कोठेही झिजते. मग तिच्या घडीला साक्ष म्हणावे की नुसता मळ?

ह्या आक्षेपाने मी काही दिवस अडून राहिलो. शेवटी मला वाटले ते असे: झिजलेली नोट पवित्र आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी गरजही नाही. तिची थोरवी पावित्र्यात नसून सहभागात आहे. ती बाजारात होती. जे घडले ते तिच्या अंगावरून गेले. कोरी नोट निष्पाप आहे. परंतु तिचे निष्पापत्व ही तिची कमाई नव्हे, तो योगायोग आहे. आपण माणसांविषयी निर्णय देतानाही हाच घोटाळा करतो. ज्याने कधी पैशाचा व्यवहार हाती घेतला नाही त्यास आपण निर्लोभी म्हणतो, ज्याच्यावर कधी निवड करण्याचा प्रसंग आला नाही त्यास सुशील म्हणतो, आणि ज्याने सार्वजनिक कामात उतरून चार ठिकाणी हात काळे केले त्याच्या डागांची आपण भिंग लावून यादी करतो. डाग असणे हा सद्गुण नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु डाग नसणे हाही आपोआप सद्गुण ठरत नाही. मध्यमवर्गातल्या आपणा मंडळींना हे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. कारण आपले पुष्कळसे शील हे पेटीत ठेवलेल्या कोऱ्या नोटेसारखे असते.

राज्यांच्या वचनांचीही हीच गोष्ट आहे. फाळणीच्या वेळी शिलकेतून पाकिस्तानला पंचाहत्तर कोटी रुपये द्यावयाचे ठरले. वीस कोटी दिले गेले आणि पंचावन्न कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडले. १३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केले, आणि १५ तारखेस ती रक्कम देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. त्या निर्णयाविषयी महाराष्ट्रात किती कडवट वाद झाले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस काय घडले, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. येथे मुद्दा एवढाच की, शांततेत दिलेले वचन युद्ध सुरू झाल्यावर पाळावे की नाही हा प्रश्न ज्याच्यापुढे खरोखर उभा राहतो, त्याच्या वचनाला घड्या पडतात. ज्याच्यापुढे तो कधीच उभा राहत नाही, त्याचे वचन कोरे राहते, आणि म्हणून ते अधिक मोलाचे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांतच देशमुखांच्या सहीच्या, पाकिस्तानचे नाव असलेल्या नोटा चलनात आल्या. दोन राष्ट्रे लढत असताना एकाच्या बँकेने दुसऱ्याचा पैसा पुरविला, आणि दुसऱ्याच्या लोकांनी तो घेतला. ह्या गोष्टीची आठवण ठेवण्यासारखे माझ्या पाहण्यात जे आहे, ते त्या काळाच्या पुढाऱ्यांच्या भाषणांत नाही. ते ह्या नोटेच्या मळक्या कडेवर आहे.

हे सर्व मी पुन्हा मास्तरांकडे जाऊन सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तुम्हांला एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. अशा नोटा धुऊन, दाबून, इस्त्री करून देणारे लोक असतात. घड्या जातात, डाग फिका होतो, पेन्सिलीचे लिखाण तर सहज पुसता येते. दिसायला नोट पुष्कळच बरी होते.”

“मग आपण तसे करता काय?”

“छे!” मास्तर एकदम ताठ बसून म्हणाले. “ती फसवणूक आहे. धुतलेली नोट मी घरात घेत नाही.”

आणि एवढे बोलून ते स्वतःच थांबले. मला वाटते, आम्हां दोघांनाही तो प्रश्न एकाच क्षणी दिसला. घडी हा जर केवळ दोष असेल, तर दोष काढून टाकणे हे पुण्याचे काम व्हावयास हवे. त्यास फसवणूक का म्हणावे? संग्राहकांचा स्वतःचा धर्मच असे सांगतो की, झिजलेल्या नोटेची किंमत कमी करा, हवी तर ती घेऊ नका. परंतु तिची झीज पुसण्याचा अधिकार तुम्हांला नाही. म्हणजे बाजार ज्याला किंमत देत नाही, त्याला सत्याचा मान देण्यास बाजारातले प्रामाणिक लोकही चुकत नाहीत. किंमत आणि मान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मास्तरांना माझ्या आधीपासून ठाऊक होते. त्यांनी ते शब्दांत मांडले नव्हते, इतकेच.

ते म्हणाले, “तुमची नोट माझ्या संग्रहात ठेवा. दोन्ही शेजारी असू देत. एक कशी छापली गेली ते सांगेल, दुसरी काय झाले ते सांगेल.” सूचना उत्तम होती, आणि न्याय्यही. मी विचार करून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेले नाही. त्यांचा संग्रह फार व्यवस्थित असतो. तेथे प्रत्येक नोट पारदर्शक पाकिटात सपाट ठेवलेली असते, आणि ही नोट सपाट ठेवली की घड्यांवर फाटेल अशी मला धास्ती वाटते. निदान मी स्वतःस हे कारण देतो.

सध्या ती माझ्याच घरी आहे, रे रोडहून आणलेल्या पेटीत पुस्तकांच्या वर, जुन्या घड्यांवरच चार घड्या घालून ठेवलेली. कधी पेटी उघडली की मी ती उलगडतो आणि कडेचे अंक पाहतो. ते कोणी मांडले, ते घराचे होते की प्रवासाचे, की नुसत्या वाण्याच्या उधारीचे, हे नोट सांगत नाही. तीन रकमा आहेत, आणि त्या दिवसांत कोणी तरी बसून त्यांची बेरीज बरोबर केली आहे.